उणे एक

सव्वीस वर्षं मी फोर्टातल्या एका कंपनीत बसून दुसऱ्यांचे हिशेब लिहिते आहे. या फेब्रुवारीत बँकेतल्या एका मुलीने मला माझा हिशेब सांगितला : उणे एक.

कर्जाच्या चौकशीला गेले होते. लालबागला आमची चाळ पाडून जी इमारत झाली तिच्यात सातव्या मजल्यावर आम्ही राहतो, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत बाथरूमच्या भिंतीतून ओल थेट देवघरापर्यंत आली आहे. तीन लाखांचं काम. पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, सगळं टाचण्या लावून नेलं होतं. मुलीने पॅन नंबर टाकला, जरा थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तुमची हिस्टरीच नाहीये." माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, कुणीतरी माझ्या नावावर काहीतरी करून ठेवलं. तसं नव्हतं. माणसाने कर्ज कसं फेडलं त्याच्यावरून सिबिल ही कंपनी त्याला स्कोर देते, तो ३०० ते ९०० च्या मधे असतो. ज्याने जन्मात कर्ज घेतलं नाही त्याला आकडाच मिळत नाही, त्याच्या नावापुढे उणे एक लागतं. "वाईट नाही मॅडम," ती माझी समजूत काढत म्हणाली, "फक्त तुम्ही सिस्टीमला दिसत नाही."

न दिसायला मी काय कमी कष्ट घेतले होते? फ्रीज भिशीतून आला, मुलाची इंजिनिअरिंगची फी आरडी मोडून भरली, मोबाइलसुद्धा रोखीने. कुणाचं देणं नको, हीच आमच्या घराची प्रतिष्ठा. आणि बारा वर्षं जिच्यात एकही हप्ता चुकवला नाही ती भिशी या सिस्टीमच्या लेखी झालीच नव्हती. गंमत म्हणजे ज्या सिबिलला मी दिसत नाही तिचं ऑफिस आमच्या घरापासून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर, सेनापती बापट मार्गावर आहे. तो रस्ता म्हणजे एकेकाळी गिरण्यांच्या भिंती आणि भोंगे. आता काचेचे टॉवर. सिबिल २००० सालची. आमचं घराणं त्या भागात उधार-उसनवार करतंय ते त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधीपासून, पण त्याची नोंद कुठे?

मुलीने तोडगा सांगितला. एक लाखाची एफडी करा, तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, थोडं थोडं वापरा, वेळेवर भरा, काही महिन्यांत स्कोर तयार होईल. मग कर्जाचं बघू. कार्डाची मर्यादा एफडीच्या ऐंशी टक्के.

घरी येऊन आईला सांगितलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. ती मटार सोलत होती, हात थांबला नाही.

"आगं, म्हंजी तुझंच पैसं तुलाच उधार?"

"हो."

"आनि वर याज?"

"वेळेवर भरलं नाही तर."

"आनि त्यातलं वीस हजार त्यांच्याकडंच अडकल्यालं." तिने ताट बाजूला सारलं. "लई शानी मानसं हायेत."

कार्ड आठवड्याभरात आलं. कुरिअरवाला पोरगा भारतमाताच्या सिग्नलवरून तीनदा फोन करून शेवटी वर आला, ओळखपत्र बघितलं, ओटीपी मागितला, सही घेतली. जाड पाकीट, आत कार्ड आणि मुंग्यांच्या अक्षरात छापलेली एक घडी. मी ते पाकीट तसंच कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं. मार्च महिना होता, ऑफिसात वर्षअखेरीची धांदल. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. उधारीचं साधन घरात आलंय आणि ते मी आणलंय, याची लाज वाटत होती.

त्या डब्यात आधीपासून आईची वही आहे. ती वही समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

आई खाणावळ चालवायची. १९७२ पासून, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, अठरा माणसं. सगळे साताऱ्याकडचे, बहुतेक पाटण-खटाव भागातले. बायका-पोरं गावाला, हे इथे पाच-सहा जण मिळून एका खोलीत. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे आणि रातपाळीचे असे तीन घोळक्यांत जेवायला येत. महिनाभर जेवायचं, पगार झाला की पैसे द्यायचे. वहीत प्रत्येकाच्या नावाचं पान, पानावर खाडे लिहिलेले. गावाला जत्रेला गेला, आजारी पडला, तर तेवढे खाडे वजा. पण सलग चार दिवसांच्या आतला खाडा धरायचा नाही, कारण डाळ-तांदूळ आधीच भरलेला असे. बदली कामगाराला महिनाभर उधारी नाही, त्याने आठवड्याला द्यायचं. ज्याचं काम रोज सकाळी गिरणीच्या दारावर ठरतं त्याला तीस दिवसांचा विश्वास कसा द्यायचा?

त्या मुंग्यांच्या अक्षरांतली घडी मी नंतर भिंगाखाली वाचली तेव्हा हसूच आलं. बिलिंग सायकल, बिनव्याजी मुदत, पतमर्यादा. हे सगळं आमच्या स्टोव्हजवळ चौथी शिकलेल्या बाईने चालवलं होतं. फरक एवढाच की मी आत्तापर्यंत या व्यवहाराच्या वाढणाऱ्या बाजूला बसले होते, ताटावर पहिल्यांदाच बसणार होते.

आणि आईला पैसे कुणी दिले? वाण्याने दिले, चढ्या भावाने. आजोबांच्या वेळी गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी सावकारी करणारे पठाण उभे असत, व्याज रुपयाला महिन्याला एक आणा. मी हिशेब मांडला : महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला पंचाहत्तर. माझ्या कार्डाच्या घडीवर महिन्याला साडेतीन आहे, वर्षाला बेचाळीस. सत्तर-ऐंशी वर्षांत एवढी प्रगती, आणि दारात कुणी काठी घेऊन उभं राहत नाही हीही.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. तारण काही नाही. बायकांनी गटाने एकमेकींची हमी घ्यायची. आईला त्यातलं कर्ज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मिळालं. अंगठ्याची तयारी करून गेलेल्या बायकांमध्ये आपण सही केली, हे ती अजून सांगते. त्या पैशातून मोठी पातेली आली, वाण्याची उधारी फिटली, आणि हप्ते तिने अठरा महिन्यांत फेडले. म्हणजे १९७७ साली माझ्या आईला, जिच्याकडे पगाराची स्लिप सोडा, स्वतःच्या नावाची खोलीही नव्हती, बँकेने शब्दावर कर्ज दिलं. आणि तिच्या मुलीला, फॉर्म सोळा असूनही, स्वतःचे एक लाख आधी गहाण ठेवावे लागले.

यात फार हळवं व्हायचं कारण नाही, हेही मला माहीत आहे. आईची वही काही धर्मशाळा नव्हती. नवा माणूस आला की पहिला प्रश्न : गाव कुठलं? मग : कोणाच्या वळखीचा? दोन प्रश्नांत माणसाचं सगळं कळायचं, न विचारता जातही कळायची, आणि काहींना "जागा न्हाई" हे उत्तर त्यावरूनच मिळायचं. मी एकदा हे तिला बोलून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "व्हय. तसंच हुतं." सिस्टीमला मी दिसत नाही याचा मला राग आला होता. आईच्या वहीला कोण कोण दिसत नव्हतं, याचा विचार तोपर्यंत मी केला नव्हता.

पाकीट डब्यात पडून तीन आठवडे झाले आणि बँकेचा मेसेज आला. कार्ड जारी झाल्यापासून तीस दिवसांत सुरू केलं नाही तर संमती विचारली जाईल, न दिल्यास खातं बंद होईल. मी नियम शोधून वाचला. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने निर्देश काढले : तीस दिवस कार्ड सुरू झालं नाही तर बँकेने ग्राहकाची ओटीपीवर संमती घ्यायची, मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत एक पैसा न घेता खातं बंद करायचं. न मागता कार्ड पाठवायलाही बंदी आहे. रिझर्व्ह बँकेची इमारत मी रोज ऑफिसला जाता-येता बघते. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याकडे जरा आपुलकीने बघितलं.

गुढीपाडव्याच्या दुपारी, श्रीखंड-पुरी पचवत, मी कार्ड सुरू करायला बसले. मुलगा म्हणाला, "दे, दोन मिनिटांत करतो." मी दिलं नाही. दोन मिनिटांत करण्यासारखं ते काम नव्हतंच, निदान माझ्यासाठी. आई शेजारी येऊन बसली, चष्मा लावून.

आधी मी नंबर तपासला. ही माझी धंद्याची खोड. पाढ्यांच्या वहीत नवाचा ताळा असायचा तसा कार्डाच्या नंबरालाही ताळा असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लुन नावाच्या माणसाने तो काढला, १९६० साली त्याला पेटंट मिळालं. उजवीकडून दुसऱ्यापासून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दोन अंकी आला तर त्याचे अंक एकमेकांत मिळवायचे, आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती दहाच्या पाढ्यात बसली पाहिजे. माझी सत्तर आली. आई म्हणाली, "बरूबर हाय का?" म्हटलं, बरोबर आहे. तिचं समाधान झालं. माझंही.

मग ॲप. शेवटचे चार आकडे, मुदत संपण्याचा महिना, ओटीपी, चार आकडी पिन दोनदा. मधे एका पानावर कार्ड हरवल्याचा विमा घ्या म्हणून मोठं हिरवं बटण आणि खाली राखाडी अक्षरांत "आत्ता नको". मी राखाडीवर बोट ठेवलं. "तुमचं कार्ड आता सुरू आहे" असं आलं, वर रंगीत कागदाचे तुकडे उडाले, जसं काही मी काही जिंकलेच.

खरं काम पुढेच होतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये परिपत्रक काढलं, त्यानुसार नवं कार्ड येतं तेव्हा ते देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवरच चालतं. ऑनलाइन, परदेशी, नुसतं टेकवून पैसे देणं, हे ग्राहकाने स्वतः चालू करायचं. ॲपमध्ये ओळीने बटणं होती. मी एकेक वाचून आईला सांगत गेले.

"परदेशात?"

"आपुन कुटं जातोय?" बंद.

"टेकवून. पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही, नुसतं मशीनला लावायचं."

"म्हंजी इचारल्याबिगर वाढायचं?" तिने मान हलवली. "पान वाया जातं आशानं." बंद.

"ऑनलाइन?" इथे आमचं जरा वाजलं. विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, सगळं त्याच्यावरच असतं, असं माझं म्हणणं. शेवटी चालू ठेवलं, पण एका वेळी तीन हजारांच्या वर जाणार नाही अशी मर्यादा घातली. ती सोय तिथेच खाली होती.

"एटीएम. कार्डाने रोख पैसे काढायचे." हे आधीपासून चालूच होतं. घडीवर लिहिलेलं मी वाचून दाखवलं : रोख काढली तर वरून शुल्क, आणि बिनव्याजी मुदत नाही, काढल्या दिवसापासून व्याज.

आई एकदम ताठ बसली. "ते पैलं बंद कर."

तिच्या खाणावळीचा हाच एक नियम होता जो तिने कधी मोडला नाही. जेवण उधार, पैसे उधार नाहीत. मनिऑर्डर करायची राहिली, मुलगी आजारी, गाडीभाडं नाही, काहीही सांगा. "जेवल्यालं दिसतं," ती म्हणायची, "पैसं कुटं गेलं ते दिसत न्हाई." मी बटण बंद केलं. निळ्याचं राखाडी झालं.

राहिलं बिल भरण्याचं. खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय करायची होती आणि दोन पर्याय होते : पूर्ण रक्कम किंवा किमान रक्कम. किमान म्हणजे काय, ते आईला सांगायला गेले तर तिलाच ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाख कामगार बाहेर. मी आठ वर्षांची होते. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटत होतं, आज मिटेल, उद्या मिटेल. माणसं जेवायला येत राहिली. पगार नव्हता, पण प्रत्येक जण जमेल तसं काहीतरी आणून द्यायचा, दहा रुपये, वीस रुपये. "वैनी, एवडं ठिवा, बाकीचं बघू." आई ठेवून घ्यायची आणि ताट वाढायची. त्या दहा-वीस रुपयांनी काही फिटत नव्हतं. फक्त उद्या ताटावर बसायला तोंड राहत होतं. मागची बाकी तशीच, तिच्यावर नवी चढत होती. एप्रिलमध्ये एकेक जण गावाला जायला लागला. शेवटी बाबाही गावाला गेले, तेही गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आईने बँकेच्या कर्जातून घेतलेली मोठी पातेली मोडीत काढली ती १९८३ मध्ये.

"ही दोन-दोन रुपयं टाकायची गोष्ट हाय ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. एकदा बाकी ठेवली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत राहत नाही, हेही सांगितलं. मी पूर्ण रकमेवर खूण केली. बिल बारा तारखेला बनणार, भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या एकला, आणि माझा पगार तीसला. जमलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. हिंदीत, फार अदबीने : मॅडम, आपका कार्ड ॲक्टिव्हेशन पेंडिंग है, एक ओटीपी आएगा. कार्ड तर काल सुरू झालेलं. मी कणीक मळत होते म्हणून फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत आई फोनपाशी वाकली आणि मोठ्याने विचारलं, "गाव कुठलं रं तुझं?"

पलीकडे शांतता. मग फोन कटला.

मुलगा हसून हसून लोळला. मी १९३० वर कळवून टाकलं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर तो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. बँकेच्या अख्ख्या अर्जात तो कुठे नव्हता.

कार्ड पहिल्यांदा चाललं ते मिरची गल्लीत. आमच्याकडे वर्षाचा मसाला एप्रिलमध्ये होतो आणि आईने बरोबर आल्याशिवाय मिरची घेतली जात नाही. उन्हात, नाकाला पदर लावून, ती दुकान दुकान फिरली. बेडगी दोन किलो, संकेश्वरी एक, रंगाला थोडी काश्मिरी. धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री. प्रत्येक मिरची देठ मोडून, वास घेऊन. बिल झालं दोन हजार आठशे साठ. मी कार्ड काढलं. दुकानदाराने सवयीने ते मशीनवर टेकवलं, मशीनने नाही म्हटलं. त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. मागे पाच-सहा बायका उभ्या. माझे कान तापले. इतक्या वर्षांत रोख मोजून देताना कुणी असं बघितलं नव्हतं.

"टेकवायचं बंद आहे," मी म्हटलं. "आत घालून करा."

त्याने कार्ड खाचेत घातलं आणि मशीन माझ्यापुढे धरलं. पिन टाकायचा होता.

पगाराच्या संध्याकाळी माणसं खोलीत येऊन बसत, कमरेचं पाकीट सोडत, नोटा मोजत. आई त्या वेळी नेहमी स्टोव्हकडे तोंड करायची, काही रटरटत नसलं तरी. दुसऱ्याचा पगार बघू नये. मोजून झालं, पैसे पाटावर ठेवले की मगच वळायची.

मी मशीनवर बोट ठेवलं आणि बाजूला बघितलं. आई पाठ करून उभी होती, समोरच्या मसाला कुटायच्या डंकाकडे तोंड करून. दुकानदार म्हणाला, "झालं," कागदाची पट्टी फाडून दिली, आणि मग ती वळली आणि पिशवी उचलायला वाकली.